तुळशीच्या पानाची नोंद

डॉ. दिगंबर टेंबेकर सरांची पहिली भेट विद्यापीठात नव्हे, काशीतल्या आमच्या दूधविनायकाच्या गल्लीत झाली. मध्ये म्हैस आडवी उभी होती; पलीकडे सर, अलीकडे वडील आणि मी. वडिलांनी, मुलगी रसायनात एम.एस्सी. झाली, असे सांगताच सर म्हशीवरूनच म्हणाले, "मग उद्यापासून माझ्याकडे पीएच.डी.ला पाठवा!"

सरांचे सारे आयुष्य टंगस्टनमध्ये गेले. दिव्यातली तार ज्या धातूची, त्याच्याच ऑक्साइडची हळदीसारखी पिवळी पूड सर उत्प्रेरक म्हणून वापरत. चिमूटभर पूड घातली की रेंगाळणारी क्रिया झटपट होते. कण जितके बारीक, तितके काम चोख. म्हणून कण बारीक करण्याचा सरांना ध्यास. वीज गेली आणि भट्टी थंड पडली की आम्ही चिडायचो. सर मात्र घरून काकूंनी दिलेला चिवड्याचा डबा उघडायचे.

दोन वर्षांनी माझ्या हातून एकदा फारच बारीक, फारच गुणी पूड तयार झाली. सरांनी त्यावर शोधनिबंध पाठवला, तो स्वीकारलाही गेला. तेव्हाच त्यांची प्रोफेसरपदाची मुलाखत ठरली होती आणि सगळी भिस्त या निबंधावर होती. पण तशी पूड पुन्हा काही जमेना. महिनाभर धडपडून मी रडकुंडीला आले आणि मग एकदम आठवले. त्या दिवशी सूर्यग्रहण होते. आईने डब्यात तुळशीची पाने घालून दिली होती. घरी साठवणीच्या पाण्यात घालतो तसे त्यातले एक पान मी सवयीने प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्याच्या बाटलीत टाकले होते. पूड त्याच पाण्यात केली होती.

"सर, माझ्याकडून मोठी गलती झाली," असे म्हणत मी सगळे सांगितले. सर चक्क हसले.

"ग्रहण पाळलंस, ठीक. पण वहीत का नाही लिहिलंस?"

"लिहिण्यासारखं वाटलं नाही, सर."

आम्ही पान टाकून प्रयोग पुन्हा केला. एकदा जमला, दोनदा फसला. मुलाखत चार दिवसांवर होती. तरी सरांनी निबंध मागे घेण्याचे पत्र मला टाइप करायला दिले. त्यात लिहिले होते, 'पडताळणीआधी घाई केली, ही चूक सर्वस्वी माझी.'

"सर, माझं नाव लिहा ना."

"तुझं सगळं अजून व्हायचंय, बेटा. माझं चालून जाईल. आणि हे बाहेर बोलायचं नाही, समजलीस?"

पद त्या वेळी हुकले, ते काही वर्षांनी मिळाले. 'टेंबेकर घाईचे' हा शिक्का मात्र राहिला. माझा प्रबंध नव्याने उभा करायला सर वर्षभर रोज संध्याकाळी माझ्यासोबत बसले. सरांवर माझी माया आहे, ती तेव्हापासूनची.

आज सर साठ वर्षांचे झाले. मणिकर्णिकेच्या स्मशानघाटाशेजारी राहूनही आम्ही काशीकर बेधडक मागतो: सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, काकूंचा डबा भरलेला राहो.

आणि एक आज्ञा मी आज मोडते. घाई सरांची नव्हती. पान मी टाकले होते. सर, वहीत लिहायचे राहिले होते, ते तुमच्या गौरवग्रंथात लिहिते आहे. उशिराबद्दल क्षमा असावी.