आरशातला पैलतीर

त्याच्याकडे माझं लक्ष पहिल्यांदा गेलं ते कात्री थांबल्यामुळे. शाळेत नवा रुजू झालो होतो, केस कापायला म्हणून बाकावर नंबर लावून बसलो होतो. खुर्चीतल्या गृहस्थांचे केस कापून झाले होते, मानेवरचे केस झटकून झाले होते, गळ्याभोवतीचं पांढरं कापडही निघालं होतं, पण गृहस्थ उठत नव्हते. न्हावी कात्री कानामागे खोचून आरशात त्यांच्याकडे बघत होता.

"बोला दादा. आता हा काय करतो?"

गृहस्थांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "कोट विकतो. थंडी संपत आलीय."

"विकला," न्हावी म्हणाला. "उठा."

मी खुर्चीत बसलो तेव्हा कळलं, की गोष्टीतला तो कोट विकलेला माणूस आता माझ्याकडे आला आहे. आणि थंडी काही संपली नव्हती. एका अनोळखी गावाच्या वेशीवर तो कुडकुडत उभा होता, आणि पुढे काय करायचं हे मी सांगायचं होतं.

असं ते दुकान होतं. गोष्ट एकच, तिच्यातला माणूस एकच, आणि त्याला चालवणारी गिऱ्हाइकं सगळ्या गल्लीची. लोक न्हाव्याला गोष्टीवाला म्हणत. त्याची गोष्ट सांगण्याची रीत अशी, की वळण आलं की तो थांबायचा आणि खुर्चीतल्या माणसाला विचारायचा. जे सांगाल ते घडायचं. त्यातून जे निघेल तेही घडायचं, मग ते कुणाला आवडो न आवडो. एकदा मी म्हटलं, "अरे, तो कोट परत मिळवून दे की त्याला."

"सर, कापलेले केस मी परत चिकटवतो का?"

मुलांना इतकी वर्षं शिकवून जे नीट सांगता आलं नाही, ते हा माणूस फणी झटकत सांगून जायचा. त्याचा आवाज इतका संथ होता, की डोळे आपोआप मिटायचे. साबणाचा वास, कात्रीची किणकिण, आणि आपण कुठल्याशा डोंगरवाटेवर त्या बिनकोटाच्या माणसामागून चालतो आहोत असं वाटायचं.

फक्त एका जागी त्याची रीत मोडायची. पुढे पुढे त्या माणसाच्या वाटेत एक नदी आली. काठाला एक होडी, होडीवाली एक बाई, आणि पलीकडच्या तीरावर सतत वर चढणारी पांढरी वाफ. गिऱ्हाईक म्हणायचं, "बसला होडीत." की गोष्टीवाला म्हणायचा, "धुकं पडलं हो." दुसरं कुणी बसवलं की दोर भिजलेला असायचा. तिसऱ्याच्या वेळी होडीवाली जेवायला गेलेली. तो माणूस काठावरच राहिला. लोक कंटाळून त्याला इकडेतिकडे फिरवून आणत, आणि तो पुन्हा नदीपाशी येऊन उभा राही.

वाफ कुठली, हे मला खुर्चीत बसल्या बसल्याच कळलं. आरशात समोरचं इस्त्रीचं दुकान दिसायचं. लांब टेबल, पाणी शिंपडलेल्या कपड्यांवरून फिरणारी इस्त्री, आणि वाफेआड ती इस्त्रीवाली ताई. भुवयांशी घाम, तोंडाने काहीतरी गुणगुणणं. गोष्टीवाला दिवसभर आमच्या डोक्यांवरून आरशात बघत असायचा. सकाळी दुकान उघडताना ती हात वर करायची, आणि हा पाठमोराच, आरशाकडे बघून हात वर करायचा. मधली गल्ली अशी, की हात लांब केला तर समोरच्याला फणी देता यावी. पण दुकानाचे टॉवेलसुद्धा तो घरी धुऊन, उशीखाली घडी करून आणायचा. गल्ली ओलांडून जायला त्याचा पाय काही निघत नसे.

एके दिवशी मी बाकावर होतो आणि खुर्चीत पोस्टमन. पोस्टमनची मिशी म्हणजे त्याची दौलत. तिला टोकं काढून घ्यायला तो दर आठवड्याला यायचा. वस्तरा ओठाजवळ आला तेव्हा तो सहज बोलल्यासारखं म्हणाला, "समोरच्या ताई चालल्या. उद्यापासून त्यांचं टपाल भावाच्या पत्त्यावर पाठवायला सांगितलंय. वहिनीला जुळं झालंय. दुकान तिकडेच टाकणार म्हणे."

गोष्टीवाल्याने वस्तरा पट्ट्यावर उगाच दोनदा घासला.

"बरं, आपला माणूस कुठे आहे?" पोस्टमनने विचारलं.

"नदीवर."

"मग आज तो होडीत बसतो."

"धुकं आहे."

"धुकं नाही. लख्ख ऊन पडलंय."

"दोर..."

"दोर सुका आहे, होडीवाली जेवलेली आहे, आणि होडी उद्या सुटतेय. अरे गोष्टीवाल्या, आता तरी..."

आणि वस्तरा फिरला. पोस्टमनची डावी मिशी साबणासकट पांढऱ्या कापडावर पडली.

पोस्टमनने आरशात आधी एका बाजूने पाहिलं, मग दुसऱ्या.

"चिकटव आता ही."

गोष्टीवाल्याने पडलेली मिशी चिमटीत उचलली. "नाही चिकटत हो."

"माहीत आहे. मग दुसरी पण काढ, आणि जा एकदाचा पलीकडे. मिशी फुकट घालवू नकोस माझी."

त्याने दुसरी बाजू काढली, फार हळुवार. मग तो तसाच, साबणाचा ब्रश हातात धरून, दाराबाहेर पडला. पोस्टमन आणि मी आरशातच बघत राहिलो. वळून पाहायची लाज वाटली. तो वाफेत शिरताना दिसला आणि पार दिसेनासा झाला.

"दाढी करायला आलात की काय?" ताईचा आवाज आला.

त्याने काय बोलावं? "तुम्ही उजव्या हाताने इस्त्री करता!"

"मग काय पायाने करू?"

"मला वाटायचं, तुम्ही डावखुऱ्या आहात. इतकी वर्षं."

ताई हसत सुटली. जन्म आरशापुढे काढलेल्या माणसाने आरशावर असा विश्वास ठेवलेला. पोस्टमनने आपल्या उघड्या ओठावर हात ठेवला आणि तोही हसला.

मग ती म्हणाली, "तुमची गोष्ट इथे ऐकू येते सगळी. बसला, नाही बसला, धुकं, दोर! त्या होडीवालीला कुणी विचारलंत का कधी, तिला काय करायचंय ते?"

वाफेतून त्याचा नेहमीचा संथ आवाज, पण आत कुठेतरी फाटलेला. "बोला. आता ती काय करते?"

"ती जाते. वहिनीला शब्द दिलाय, तो मोडायची नाही. कुणासाठी थांबायची नाही. होडीत जागा आहे, एवढं सांगते. बसायचं का, ते त्याचं त्याने ठरवावं." आणि कपड्यावर पाणी शिंपडल्याचा आवाज आला.

तो परत आला. त्याने माझे केस कापले. शेवटी कात्री कानामागे गेली तेव्हा मीच आरशात विचारलं, "मग? आता हा काय करतो?"

"सर," तो म्हणाला, "आजवर तुम्ही सगळ्यांनी चालवलंत त्याला. आता मला जरा बघू द्या."

दुसऱ्या दिवशी ती गेली. तो मात्र कितीतरी दिवस इथेच होता, दुकान उघडायचा, आरशात बंद दार बघायचा. गोष्ट कुणी विचारली नाही आणि त्याने सांगितली नाही. मग एका सकाळी टेम्पो आला. खुर्ची आधी चढली. आरसा त्याने कुणाला उचलू दिला नाही. गोधडीत गुंडाळून स्वतः मांडीवर घेऊन बसला. टेम्पो वळेपर्यंत गल्लीतली अर्धीअधिक गिऱ्हाइकं हात वर करून उभी होती, आणि या वेळी त्याने वळून सगळ्यांकडे नीट पाहिलं.

पोस्टमनने मिशी पुन्हा ठेवली नाही. माझे केस आता दुसरा कुणी कापतो, न बोलता. मला पेंग काही येत नाही.

गेल्या सुट्टीत जाऊन आलो त्यांच्याकडे. पुढच्या खोलीत एका भिंतीला खुर्ची आहे, दुसऱ्या भिंतीला इस्त्रीचं टेबल, आणि मध्ये जुळी भाचरं रांगत असतात. सकाळी तो केस कापतो. दुपारी शर्टांच्या कॉलरींना इस्त्री करतो. बाह्या ती अजून त्याला करू देत नाही.