तोंडातले खिळे

सोफेवाल्याला काही विचारायचं असेल तर त्याने हातोडी खाली ठेवेपर्यंत थांबायचं, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. काम करताना त्याच्या ओठांत मूठभर बारीक खिळे असायचे. जिभेच्या टोकाने एक खिळा पुढे सरकवायचा, लोहचुंबक लावलेल्या हातोडीने तो अलगद टिपायचा आणि ठक्‌, लाकडात. बापाकडून उचललेली पद्धत. कापड ताणायला दुसरा हात मोकळा राहतो, शिवाय गिऱ्हाइकाशी हुज्जत घालता येत नाही, असे दोन फायदे बाप सांगायचा.

यंदा मात्र खिळ्यांचा मुक्काम तोंडात फारच लांबला होता. घरी जायची वेळ झाली तरी ओठांत चार-दोन उरलेलेच.

कारण त्याचा फुटबॉल क्लब जिंकत होता.

दुसऱ्या गटात वर्षानुवर्षं लोळत पडलेला तो क्लब. हिरवे शर्ट, मैदानाच्या एका कडेला गळकं छप्पर. दर हंगामाला सुरुवातीला दोन सामने जिंकून लोकांना खुळं करायचं आणि पुढे शेपूट घालायची, हा त्यांचा नेम. आता निम्मा हंगाम उलटला तरी हिरवे तिसऱ्या नंबरावर ठाण मांडून बसलेले.

"काय मग सोफेवाले," लाकडी फळीच्या पलीकडून शेजारचा किल्लीवाला मान लांब करून म्हणाला, "परवा काय हाणलं पाहिलंत का? यंदा काय वाटतंय?"

सोफेवाल्याने तोंडाकडे बोट दाखवलं.

"ते काढा की जरा."

त्याने मान हलवली आणि आणखी एक खिळा ठोकला.

वाटत तर बरंच काही होतं. समोर उलटी पडलेली आरामखुर्ची त्याच्या होणाऱ्या विहीणबाईंची होती. तिच्या तळाचे तागाचे पट्टे नव्याने आवळताना त्याला राहून राहून हिरव्यांची मागची फळी आठवत होती. इतकी वर्षं काय होतं, तर वरचं कापड झकास. पुढे दोन चपळ पोरं, लोकांच्या टाळ्या, पेपरात फोटो. आणि खाली पट्टे तुटलेले. कोणीही जरा जोरात बसला की थेट जमिनीवर. यंदाच्या नव्या प्रशिक्षकाने, कोण कुठला तो टकलू, आधी तळ आवळला. मधल्या दोघांना जागेवरून हलू देत नाही. गोलावर उभा राहणारा लंबू पूर्वी बागेत फिरायला आल्यासारखा पुढे यायचा, तो आता खांबांमध्ये खुंटीसारखा रोवलेला. एका गोलाने जिंकायचं आणि गुपचूप घरी जायचं. बघणाऱ्याला जांभया येतील, पण सोफेवाल्याचा ऊर भरून यायचा. कामाची ही रीत त्याच्या ओळखीची होती.

हे सगळं त्याने कुणालाही सांगितलेलं नव्हतं, आणि त्याला कारण होता घरातला हिरवा सोफा. लेक लहान होती तेव्हा एका वर्षी असंच छान चाललं होतं. निम्म्या हंगामातच सोफेवाल्याने चहाच्या टपरीवर छातीवर हात मारून जाहीर केलं, यंदा आपण वरच्या गटात गेलोच म्हणून समजा. तेवढ्यावर न थांबता घरातल्या सोफ्याला गर्द हिरवं मखमली कापडही चढवलं. त्यानंतर हिरवे जे घसरले ते घसरलेच. कापड इतकं चिवट निघालं की आजवर विटलं नाही. बायको पाहुण्यांना सांगायची, "बसा हो, हा आमच्या ह्यांचा विजयोत्सव." तेव्हापासून घरात नियम झाला. हंगाम संपेस्तोवर 'वरचा गट' हे शब्द कुणीही काढायचे नाहीत. लेकीनेही तो पाळला. बापाच्या खांद्यावर बसून मैदानात गेलेली पोर ती, आता दवाखान्यात नोकरी करते, पण सामना सुरू झाला की बापासारखीच ओठ मिटून बसते.

"शेवटचा सामना आपल्याच मैदानावर आहे," किल्लीवाल्याची टकळी चालूच होती. "तोही वरच्या नंबराच्या संघाशी. पहिले दोन थेट वर. तिसरा आला तर पुढच्या रविवारी आणखी एक सामना खेळून नशीब आजमावायचं. पण शेवटचा रविवार काय रंगेल हो."

शेवटचा रविवार. सोफेवाल्याने एक खिळा जवळजवळ गिळलाच.

त्या रविवारी लेकीचं लग्न होतं.

आणि दिवस त्यानेच काढलेला. हंगाम सुरू व्हायच्या आधी दोन्ही घरं हिरव्या सोफ्यावर बसली होती, तेव्हा विहीणबाईंनी विचारलं, "व्याही, तुम्हाला कुठला दिवस सोयीचा?" त्याने मोठ्या शहाणपणाने शेवटचा रविवार सांगितला. तोवर हिरव्यांचं जे काही वाटोळं व्हायचं ते झालेलं असतं, त्या सामन्याला कुत्रं विचारत नाही, हा आयुष्यभराचा अनुभव. लेकीने तेव्हा त्याच्याकडे पाहून मान डोलावली होती.

आता बोलायचं कसं? दिवस बदला म्हणायचं तर कारण सांगायला हवं, आणि कारण तोंडातून निघालं की हिरव्यांची वाट लागलीच. तो घरी गेला, जेवताना ओठ मिटून एकच घास तोंडात घोळवत बसला.

"खिळे काढलेत ना तोंडातले?" बायकोने विचारलं.

शनिवारच्या सामन्यात मात्र भलतंच घडलं. विरुद्ध संघाचा गडी एकटाच लंबूसमोर आला आणि सोफेवाल्याच्या मनात आलं, जाऊ दे, होऊ दे गोल. दोनचार सामने हरले म्हणजे सुटलो एकदाचे. लंबूने पाय आडवा घालून चेंडू अडवला. सारं मैदान उठून नाचलं आणि सोफेवाला बाकावर बसून राहिला, मेल्याहून मेल्यासारखा. शेजारी लेक होती. तीही बसूनच होती, पण ते त्याला तेव्हा दिसलं नाही.

सोमवारी विहीणबाई खुर्ची बघायला आल्या, बरोबर लेक. विहीणबाई शाळेत मुख्याध्यापिका होत्या, उभ्या उभ्या गोष्टी निकालात काढायची सवय.

"छान झालीय हो. बरं व्याही, हॉलवाल्याला आज शेवटचं कळवायचंय. तो रविवार पक्का ना?"

सोफेवाल्याच्या ओठांत खिळे होते. मान हलवली की काम भागत होतं. त्याने लेकीकडे पाहिलं. ती खुर्चीच्या हाताचं कापड उगाच चाचपत होती.

त्याने एकेक खिळा काढून डबीत टाकला. डबी बराच वेळ वाजत राहिली.

"विहीणबाई, त्या दिवशी आमचा क्लब वरच्या गटात जाण्यासाठी खेळत असणार."

फळीपलीकडे किल्लीवाल्याची कानस थांबली.

"म्हणजे फुटबॉलपायी लग्न पुढे ढकलायचं?"

"आई, मलाही तेच म्हणायचं होतं," लेक खाली बघत विहीणबाईंना म्हणाली. "पण बोललं की बिघडतं आमच्याकडे. शनिवारी तर मला वाटलं, खाऊ दे लंबूला गोल."

बापाने तिच्याकडे बघितलं, तिने बापाकडे. दोघांना एकदमच हसू फुटलं.

विहीणबाईंनी दोघांना वर्गातल्या शेवटच्या बाकाकडे बघावं तसं बघितलं. "दोघांपैकी एकाने तोंड उघडलं असतं तर माझ्या हॉलवरच्या खेपा वाचल्या असत्या. माझ्या मुलाला तरी हे ठाऊक आहे का?"

"त्याने सामन्याची तिकिटं आधीच काढून ठेवलीत," लेक म्हणाली. "तो आमच्याकडचा नाही ना, त्याला नियम लागू नाही."

विहीणबाईंनी फोन लावला. दोन वाक्यांत हॉलवाल्याला गप्प केलं आणि फोनवर तळवा ठेवून वळल्या. "पुढचा रविवार मोकळा आहे. त्या दिवशी नाही ना कोण खेळत?"

सोफेवाला 'चालेल' म्हणणार तोच लेकीने त्याची बाही ओढली. "बाबा, तिसरे आलो तर?"

तिसरे आले तर त्याच रविवारी जादा सामना. आणि हिरवे अजून तिसरेच होते.

"सांगा लवकर," विहीणबाई म्हणाल्या. "तिसरे येणार की पहिल्या दोनांत? तो माणूस थांबलाय."

सोफेवाल्याने खुर्चीवर पालथा हात ठेवून अंगाचा सगळा भार दिला. पट्टे थोडे लवले आणि त्यांनी हात पुन्हा वर आणून सोडला.

"दोनांत," तो म्हणाला.

"पक्कं करा हो," विहीणबाई फोनमध्ये म्हणाल्या.

फळीच्या वरून किल्लीवाल्याचं डोकं हळूच उगवलं. "मी ऐकलंय बरं का सोफेवाले. टपरीवर सांगू?"

सोफेवाल्याने घाईघाईने डबीतले खिळे उचलून तोंडात टाकले. पण हसू आवरत नव्हतं, आणि हसताना ते एकेक करून विहीणबाईंच्या खुर्चीवर पडत होते.