लोणारच्या दोन खेपा

उंद्रीच्या फाट्यावर चिखलीची पहिली गाडी सकाळी सातला येते असं म्हणतात. त्या दिवशी ती पावणेआठला आली. मार्गशीर्षातली थंडी होती आणि माय आणि मी कडुनिंबाखाली उभे होतो. मायच्या काखेत एक छोटं गाठोडं होतं, बाबांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं. मी घ्यायला हात पुढे केला, पण तिने दिलं नाही. "माह्याजवळ राहू दे," एवढंच म्हणाली. गाठोड्यात बाबांची फुलं (अस्थी) आहेत हे फाट्यावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे गर्दी असूनही आमच्याभोवती चार हात जागा मोकळी होती.

बाबा म्हणजे सोनाजी. गावाजवळच्या आमच्या मळ्यात वांगी, मेथी, कांदे पिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. पहाटे मोटेला बैल जुंपले की अंधार पडेपर्यंत त्यांची पाठ सरळ झालेली मी पाहिली नाही. माझा बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशीसुद्धा त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि वाफ्याकडे वळले. आमच्या भावकीत मी पहिला पदवीधर. हे मी विचारणाऱ्याला सांगतो, न विचारणाऱ्यालाही सांगतो. आता बुलडाण्याला हायस्कुलात शिकवतो.

या माणसाची वर्षाला एकच सुट्टी असे. नवरात्रात दोन दिवस लोणारला जायचं. "हवा खाऊन येतो," म्हणायचे. जाताना मायने देवीसाठी बांधून दिलेले पापड न्यायचे आणि येताना तळ्याकाठचा पापडखार आणायचे. मला दोन-तीनदा "चाल, पाहून घे एकदा," म्हणाले होते. दर वेळी माझी कुठली ना कुठली परीक्षा होती. मायला कधी म्हणाले नाहीत, कारण दोघंही गेल्यावर मळ्याला पाणी कोण देणार?

कार्तिकात ते गेले. जाण्याआधी मला म्हणाले, "मले नाशिकले नेऊ नको. लोणारले सोड." मी शब्द दिला. भावकीला हे पटलं नाही. "पोरगं मास्तर झालं अन् बापाले खाऱ्या डबक्यात सोडते!" असं तोंडावर बोलले. खरं सांगायचं तर नाशिकच्या घाटावर, चांगला गुरुजी लावून सगळं रीतसर करावं, असं माझ्याही मनात होतं. पण शब्द दिला होता.

शेवटी माय म्हणाली, "मी बी येतो."

(आमच्याकडच्या बायका 'येते' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. कॉलेजात पुण्याकडची मुलं यावर हसायची. मीही आधी लाजायचो, मग लाजणं सोडून दिलं.)

अस्थींबरोबर बाईमाणूस जात नाही, असं एक काका म्हणाले. माय म्हणाली, "पस्तीस वर्सं संग राह्यलो, तवा कोनी अडोलं नाई." अस्थी घरात आणत नाहीत, म्हणून तिसऱ्या दिवसापासून ते गाठोडं मळ्यातल्या चिंचेला टांगलेलं होतं. निघायच्या दिवशी पहाटे मायच एकटी जाऊन घेऊन आली.

गाडीत कंडक्टर म्हणाला, "मावशी, गाठोडं वर ठेवा. पाय ठेवाले जागा नाई."

"अस्थी आहेत," मी म्हणालो.

त्याने टोपीला हात लावला, एका गृहस्थाला उठवलं आणि आम्हाला पुढची जागा दिली. माय खिडकीबाहेर पाहत राहिली. दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती, बाया ओटीत कापूस वेचत होत्या. "या वावरवाल्यायचं एक येचणं राह्यलं," माय मध्येच म्हणाली. तिचं लक्ष शेतावरून हलत नव्हतं.

चिखलीला गाडी बदलली. मेहकरला पैनगंगा ओलांडून उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा आणि गरम भजी घेतली. माझी नजर खाली गेली आणि मी दचकलो. मायने गाठोडं पायाशी, जमिनीवर ठेवलं होतं.

"माय! फुलं खाली ठेवत नाहीत!"

"हो का," ती म्हणाली, गाठोडं उचलून मांडीवर घेतलं आणि दुसरं भजं तोडलं. तिच्यासारख्या रीतभात पाळणाऱ्या बाईकडून हे व्हावं याचं मला नवल वाटलं. दुःखात माणसाचं भान राहत नाही, अशी मी समजूत घातली.

लोणारला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. धर्मशाळेत मुक्काम केला. सकाळी धारेवर गेलो. डोंगराच्या पोटातून गोमुखाने पाणी पडतं त्याला इथे धार म्हणतात. बारा महिने ती तुटत नाही. माय तिच्याखाली बराच वेळ उभी राहिली. बाहेर आली तेव्हा ओठ निळे पडले होते, पण म्हणाली, "मोटीवाचून येते हे पानी. कोनाले वढा लागत नाई."

मग आम्ही काठावर आलो. वाचकहो, लोणारचं तळं लांबून दिसत नाही. सपाट रानातून चालत जावं आणि एकाएकी पायापुढची जमीन संपावी, तसं ते समोर येतं. प्रचंड मोठ्या काहिलीसारखा खोलगट खड्डा, उतारावर दाट झाडी आणि तळाशी हिरवंगार, हलत नसलेलं पाणी. देवाने लवणासुराला इथे मारलं असं जुने लोक सांगतात. कोणी हा ज्वालामुखी म्हणतं, कोणी आकाशातून दगड पडला म्हणतं. मी हे सगळं मायला समजावून सांगितलं.

"दगड पडला तवा इथं कोनी राहत नव्हतं ना?" तिने विचारलं. नव्हतं, असं म्हटल्यावर ती पायवाट उतरू लागली.

वाट सीताफळीच्या झुडपांतून जाते. मोर ओरडत होते, फांद्यांवर माकडं होती. निम्म्यावर धारेच्या पाण्याचा ओहोळ जातो आणि त्याच्या काठाने केळीची छोटी बाग आहे. एक म्हातारा केळींना आळी करत होता. त्याने कुठले म्हणून विचारलं. मी गाव सांगितलं, बाबांचं नाव सांगितलं.

खुरपं टाकून तो उभा राहिला. "सोनाजीभाऊचे तुमी? मंग या पापडवाल्या वैनी!"

माय चपापली. "माहे पापड तं देवीले जात होते."

"एक देवीले, बाकीचे आमाले," तो हसला. त्याचं नाव किसनबुवा. "यंदा आले तवा खोकत होते लय. बरे हायत ना?"

मी सांगितलं. किसनबुवा बांधावर खाली बसला, त्याने डोक्याचं फडकं काढलं. मग त्याने बागेच्या कडेच्या उंबराकडे बोट केलं. "थे त्यायची जागा."

"काय करत होते थे तिथं?" मायने विचारलं. हा प्रश्न तिने पस्तीस वर्षं पोटात ठेवला होता, हे मला तिच्या आवाजावरून कळलं.

"झोपत."

"दिवसा?"

"भाकर खाल्ली का आडवे. दिवस मावळेलोक. घोरनं असं का माकडं झाड सोडून पळत. मी म्हनो, भाऊ, घरी वैनी झोपू देत नाई का? तं म्हनत, तिचं काई नाई, घरी डोळा लागला का कानात मोट वाजते."

माय उंबराखाली गेली. तिथली माती एके जागी दबून गुळगुळीत झाली होती. तिने त्यावरून हात फिरवला. "दुखन्यात पडले थे सोडून, यांले दिवसा झोपलेलं मी पायलंच नाई," ती म्हणाली.

किसनबुवाला मागे ठेवून आम्ही तळ्यावर आलो. काठाची माती पांढरी, पायाखाली भुसभुशीत, वास उग्र. कमळजादेवीचं दर्शन घेतलं. मी धोतर खोचून पाण्यात शिरलो. ते पाणी साबणासारखं बुळबुळीत लागतं. माय काठावर होती. मी हात पुढे केला, तिने गाठोडं दिलं. बाबांना मनात काय म्हणायचं ते म्हटलं आणि गाठ सोडली.

आत पांढरे खडे होते. मी एक उचलला. तो बोटांत चुरला. वास घेतला. उन्हाळ्यात आमच्या अंगणात उडदाचं पीठ कुटताना येतो तोच वास.

"खार आहे थो," माय काठावरून म्हणाली. "यंदाच्या नवरात्रात आनलेला."

"आणि फुलं?"

"चिंचेलेच हायत. मी काढलेच नाई."

मला राग आला, तो मी इथे लपवत नाही. दोन दिवसांची रजा काढलेली, भावकीशी भांडण केलेलं, कंडक्टरने आमच्यासाठी माणूस उठवलेला. मी पाण्यात उभा राहून हे सगळं मोठ्याने म्हणालो. मोर ओरडायचे थांबले.

"पोरगी द्याच्या आदी घर पायतो का नाई आपन?" ती म्हणाली. "पोरीचं पायतो. मंग मानसाचं काऊन नाई? मी आपलं ठरोलं होतं, थे मळ्यातच राहतीन, चिंचेखाली, माह्या नजरेपुढं. पन त्यायनं तुले सांगतलं लोणार. म्हनलं, जागा तं पाहून येऊ."

मी खार पुन्हा बांधला आणि बाहेर आलो.

वर चढताना ती दोनदा थांबली. दुसऱ्यांदा उंबराच्या वळणावर. मला वाटलं दम लागला.

"इथंच आनू त्यांले," ती म्हणाली. "मळ्यात ठेवलं तं पहाटी उठून मोट जुपतीन थे."

मग तिने पदर तोंडाला लावला. बाबा गेल्यापासून ती माझ्यापुढे रडली नव्हती.

पंधरा दिवसांनी रविवार धरून आम्ही पुन्हा निघालो. या वेळी मायने माझ्यादेखत चिंचेवरून गाठोडं सोडलं आणि माझ्या हातात दिलं. "आता तू धर." तिच्या हातात पापडांचा डबा होता. चिखलीच्या गाडीत नेमका तोच कंडक्टर भेटला. त्याने गाठोडं पाहिलं, आम्हाला पाहिलं.

"आता कोन गेलं हो?"

"तेच," मी म्हणालो. "मागच्या खेपेला जागा पाहायला गेलो होतो."

त्याला किती कळलं कोण जाणे, पण टोपीला हात लावून त्याने पुन्हा पुढची जागा दिली. मेहकरला मी चहा एका हाताने प्यालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना पाण्यात सोडलं. किसनबुवा सोबत होता. फुलं जड असतात अशी माझी कल्पना होती, पण ओंजळीत काही भार लागला नाही. परत येताना बागेत बसून भाकर खाल्ली, पापड वाटले. खाऊन झाल्यावर मायने किसनबुवाकडून एक पोतं मागून घेतलं, उंबराखाली अंथरलं आणि हाताची उशी करून आडवी झाली. पाच मिनिटांत तिला झोप लागली.

मायलाही मी दिवसा झोपलेली कधी पाहिली नव्हती. बाबा निदान वर्षाचे दोन दिवस झोपून घेत. माय पस्तीस वर्षं मळ्याला पाणी देत होती, म्हणून ते झोपत होते, आणि त्याच मळ्याच्या मेथीवर मी शिकलो. शेवटची गाडी चारला होती. तीन वाजले, साडेतीन झाले. किसनबुवाने खुणेनेच विचारलं, उठवायचं का? मी नको म्हणून मान हलवली. हातात काटकी घेऊन माकडं हाकत बसलो.

आम्ही एक दिवस उशिरा गावी पोचलो. संध्याकाळी भावकीतले ओट्यावर जमले. सगळं नीट झालं का विचारलं, मग काकांनी काढलंच, "अन् एक दिवस जास्ती काऊन लागला?"

"गाडी चुकली," मी म्हणालो.

आत चुलीपुढून मायचा आवाज आला, "चुकली नाई. मी झोपलो होतो."