हीट प्रेस आणायला आम्ही दोघं सुरतेला गेलो तेव्हा

सुरतेला जायचं ठरलं ते एका कबड्डीच्या संघामुळे. नाशिकला सिडकोतल्या घरी मी शाळांचे खेळाचे टी-शर्ट शिवते. नावं आणि नंबर छापायला मात्र बाहेर द्यावे लागायचे. २००७च्या डिसेंबरात छापणाऱ्याने स्पर्धेच्या आदल्या दिवशी बारापैकी पाच शर्टांवर एकच नंबर छापून हातात ठेवला. तेव्हाच ठरवलं, आता छपाई घरी करायची. कागदावरचं चित्र उष्णतेने कापडावर उतरवणारं हीट प्रेस मशीन आणि त्याचे ट्रान्सफर पेपर सुरतेत हवे तेवढे बघायला मिळतात, असं ऐकून होते.

ह्यांना सोबत नेलं ते, खरं सांगते, नाइलाजाने. माझे यजमान ओझरला कारखान्यात फिटर होते. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली. काठी घेऊन चालायला लागले होते, पण जीभ जड झालेली, एकेक शब्द यायला वेळ लागायचा. मुलगी लग्न होऊन हैदराबादला. दोन दिवस ह्यांना घरी एकटं कसं ठेवणार?

सकाळी सातची सुरत एसटी धरली. तिकीट माणशी दीडशेच्या आत. दिंडोरीपर्यंत दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, घड अजून हिरवे. वणीला गाडी दहा मिनिटं थांबते. चहा तिथेच घ्या, पुढे बराच वेळ मिळत नाही. बोरगावला डोक्यावर बोचकं घेऊन एक बाई चढली. ऊसतोडीला गुजरातेत निघालेली. ह्यांच्या पायाशी बोचकं ठेवत तिने विचारलं, "बाबा, पायाला लागतं का?"

"नाही, नाही लागत," मी म्हणाले.

हे माझ्याकडे बघून पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. दोन वर्षं डॉक्टरांशी, शेजाऱ्यांशी, पाहुण्यांशी त्यांच्या वतीने मीच बोलत होते.

सापुताऱ्याच्या घाटात वळणं फार आहेत. गाडी लागत असेल तर पुढची सीट मागून घ्या. वघईनंतर सागाचं जंगल संपलं, सपाट रस्ता आला आणि तीनच्या सुमाराला सुरत. स्टेशनजवळच्या लॉजमध्ये तळमजल्याची खोली मिळाली. लिफ्ट नव्हती, म्हणून तळमजल्याचीच मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरच्या गाडीवर गरमागरम लोचो खाल्ला. आपल्या ढोकळ्यापेक्षा मऊ, वर तेल आणि शेव. चमच्याने खायचा पदार्थ, त्यामुळे ह्यांना एका हाताने छान जमला. त्यांच्यासाठी मीच दुसरी प्लेटही मागितली.

दुकान रिंग रोडच्या मागच्या गल्लीत होतं. मशीन दाखवायला मंगलाताई होत्या, मूळच्या सटाण्याकडच्या. आम्ही नाशिकचे म्हटल्यावर हिंदी सोडून त्या आपल्या बोलीवरच आल्या.

मी घरून तीन कापडं नेली होती: पांढरं सुती, गडद निळं सुती आणि जर्सीचं पॉलिस्टर. तुम्हीही न्या, दुकानातल्या नमुन्यावर सगळंच सुंदर उठतं. मंगलाताईंनी तिन्हींवर सातचा आकडा छापून दाखवला. फिक्या कपड्याच्या पेपरवर आकडा उलटा छापावा लागतो, तो पांढऱ्यावर सुरेख बसला आणि निळ्यावर दिसेनासाच झाला. गडद कपड्याचा पेपर निळ्यावर ठसठशीत उठला, पण हाताला रबरासारखा जाड लागत होता. तिसरा सब्लिमेशनचा. त्याची शाई पॉलिस्टरमध्ये अशी मुरली, की बोट फिरवलं तरी आकडा कुठे सुरू होतो ते कळेना. सुतीवर मात्र तो टिकत नाही. शेवटी पहिल्या दोन पेपरांची पाकिटं घेतली, आणि सब्लिमेशनला वेगळ्या शाईचा प्रिंटर लागतो म्हणून जर्सीच्या आकड्यांचे कागद दुकानातूनच छापून मागवायचं ठरवलं.

मग मशीन. मला शिंपल्यासारखं उघडणारं आवडलं. आटोपशीर, स्वस्त, दांडा एका हाताने खाली ओढता येणारा. "हेच द्या," मी म्हणाले.

"थ... थांब," हे म्हणाले.

सगळे थांबले. ह्यांचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. सवयीने मी म्हणाले, "त्यांना विचारायचंय की गॅरंटी..."

हे जोरात मान हलवू लागले. मंगलाताईंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि ह्यांच्यासमोर स्टूल ओढून बसल्या. "घाई नही शे, भाऊ. आरामशीर सांगा."

किती वेळ गेला कोण जाणे. मग शब्द आले, "कागद. चार पट्ट्या."

मशीन थंड असताना ह्यांनी चारही कोपऱ्यांत एकेक पट्टी ठेवायला लावली, प्लेट दाबायला सांगितलं आणि उजव्या हाताने पट्ट्या एकेक करून ओढल्या. तीन घट्ट. चौथी अलगद निघून आली.

"इथे दाब नाही. आकडा... सुटेल."

दुसरं मशीन मोठं होतं, वरची तापणारी प्लेट बाजूला फिरवून ठेवता येणारं. त्याच्या चारही पट्ट्या घट्ट निघाल्या. पण ते महाग, शिवाय जागा खाणारं. मी म्हणाले, "अहो, त्याच पहिल्या जातीतलं दुसरं चांगलं बघू ना. कपडा काय, मी लावीन."

"मी लावणार," हे म्हणाले. मग डावा हात उजव्याने उचलून त्यांनी टेबलावर ठेवला. "शैला, ह्या हाताला... कळत नाही. वर तापलेली प्लेट असली... भाजलं तरी कळणार नाही."

दोन वर्षं तो हात मी रोज धूत होते, पुसत होते, त्याला बाही घालत होते. त्याला काही जाणवत नाही, हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. दुकानातच मला रडू आलं. मंगलाताई पाणी आणायच्या निमित्ताने आत गेल्या.

आम्ही दुसरं मशीन घेतलं. परतीच्या एसटीत कंडक्टरने आधी कुरकुर केली, मग स्वतःच खोकं मागच्या सीटखाली सरकवून दिलं.  सापुताऱ्याला ह्यांनी स्वतः चहा मागितला. चहावाला थांबला, मीही थांबले.

घरी आल्यावर ह्यांनी मशीनची जागा तीनदा बदलायला लावली. पहिल्या आठवड्यात चार शर्टांवर चकचकीत डाग पडले. उष्णता जास्त झाली होती. पाचवा नीट आला, तेव्हा ह्यांनी तो खिडकीशी उजेडात धरायला लावला, सगळ्या कडा तपासल्या आणि म्हणाले, "पास."

ओळखीचे विचारतात, सुरतेला जाऊन काय बघितलं? समुद्र बघितला नाही, किल्ला नाही, साड्यांचा बाजारही नाही. एक गल्ली आणि एक दुकान बघितलं. त्या दुकानात मला एक फिटर भेटला, ज्याला मी दोन वर्षं नुसता आजारी माणूस समजत होते.