हरणाच्या मांसात तांबं जास्त कसं आलं

तांब्याचा आकडा बघून निखिल इतका खूश झाला की मला पुढचं बोलूच देईना.

"मॅडम, ‘रिच इन कॉपर’. बॉक्सवर मोठ्या अक्षरात छापायचं."

निखिल हा आफ्रिकेतल्या रानटी हरणाचं मांस आयात करणाऱ्या कंपनीचा मार्केटिंग मॅनेजर. दुबईतच वाढलेला मराठी मुलगा. मी मराठीत विचारलं की तो इंग्रजीत उत्तर देतो. काही हवं असलं तरच मराठीवर येतो.

दुबईच्या जबल अली भागातल्या ज्या लॅबमध्ये मी केमिस्ट आहे, तिथे त्याने एका कार्टनमधली तीन पाकिटं पाठवली होती. लोह, जस्त, तांबं किती, ते हवं होतं. ही खनिजं शरीराला चिमूटभरही लागत नाहीत, पण बॉक्सवर शोभून दिसतात. जनावर मोकळ्या रानात चरतं, म्हणजे मांस मिनरल्सने भरलेलं असणारच, हे त्यांच्या ऑफिसात तपासणीच्या आधीच ठरलं होतं.

तपासणी अशी असते: मांसाचा तुकडा बारीक करायचा, अ‍ॅसिडमध्ये विरघळवायचा, आणि ते पाणी मशीनला द्यायचं. कुठला धातू किती आहे ते मशीन सांगतं. दोन पाकिटांत तांबं नेहमीइतकंच निघालं. तिसऱ्यात कितीतरी पट जास्त. मला वाटलं, चूक माझीच. सगळी भांडी पुन्हा धुतली आणि त्याच पाकिटातला दुसरा तुकडा घेतला. त्यात तांबं नेहमीइतकंच निघालं. मग उरलेलं मांस ट्रेमध्ये पसरून बोटांनी चाचपलं. एका काळपट भागात नखाच्या तुकड्याएवढा तांबूस पत्रा हाताला लागला.

त्यांच्या ब्रोशरमध्ये अभिमानाने लिहिलं होतं की शिकारीत शिशाची गोळी वापरत नाही. खरंच होतं ते. गोळी तांब्याची होती.

हेच मी निखिलला सांगत होते. शेवटी तो पत्रा छोट्या बाटलीत घालून त्याच्यापुढे ठेवला.

त्याने बाटलीकडे पाहिलं. "मग तिन्ही पाकिटांचा अ‍ॅव्हरेज काढा ना."

शेजारी आमचे लॅब मॅनेजर थॉमस सर बसले होते. त्यांना ही आयडिया आवडली. रेहाना, क्लायंट को रिझल्ट चाहिए, कहानी नहीं, असं म्हणून झालं. लॅबच करून देते ते माझं व्हिसा रिन्यूअल याच महिन्यात आहे, हेही त्यांनी आठवणीने सांगितलं. पण रिपोर्टवर सही माझी जाणार होती.

मी निखिलला म्हटलं, "‘रिच इन कॉपर’ खुशाल छाप. खाली लिही, आत गोळीही मिळेल."

सरांनी फोन उचलून कुणाचा तरी नंबर शोधायला घेतला.

रिपोर्टमध्ये तिन्ही आकडे वेगवेगळे गेले, आणि तिसऱ्याखाली ‘धातूचा तुकडा आढळला’ अशी ओळ. कंपनीने आलेला तो अख्खा माल मेटल डिटेक्टरमधून काढला. पुढची सॅम्पल्स मात्र दुसऱ्या लॅबला गेली, आमच्या कडक शिस्तीचं कौतुक करणाऱ्या ईमेलसह. माझा व्हिसा झाला. सरांना नीतिमत्ता सुचली असं नाही, ते मशीन चालवणारं दुसरं कुणी नव्हतं.

तेव्हापासून आकडा फारच चांगला आला की मी आधी मांस चाचपते. तांबं गवतातून आलं की बंदुकीतून, हे मशीनला कळत नाही. मार्केटिंगला कळून घ्यायचं नसतं.