शुक्रवारचा दिग्दर्शक

मेश्रामसाहेबांना बसून सिनेमा पाहताना मी कधीच बघितलं नाही. ओमानमधल्या सोहारला ते आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहायचे. ॲल्युमिनियमच्या कारखान्यात माझ्या नवऱ्याचे वरिष्ठ. शुक्रवारी आम्हा चार शेजाऱ्यांना जेवायला बोलावून पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा एखादा फ्रेंच सिनेमा लावायचे आणि स्वतः टीव्हीपुढून येरझारा घालायचे. मधेच सिनेमा थांबवून त्या दिग्दर्शकाची जन्मकुंडली मांडायचे. पोटात बिर्याणी, डोळ्यांवर झोप, आणि वर हे! मला तर चीड यायची.

पण ऐकत राहायचो. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे फ्रान्समध्ये स्टुडिओत रुबाबात सिनेमे काढणारे एकेक बडे दिग्दर्शक. मग नवी पोरं आली, कॅमेरा खांद्यावर टाकून रस्त्यावर उतरली आणि या मंडळींना म्हातारे म्हणून मोडीत काढलं. जग पोरांवर फिदा, मेश्रामसाहेब म्हाताऱ्यांच्या बाजूने. "पयला सिनेमा साऱ्यायले माहीत राहते, ताई," ते तावातावाने म्हणायचे. "काम बंद झाल्यावर तो माणूस सकाळी उठून काय करे, हे कोणी सांगत नाही बाप्पा!"

मग तेलाचे भाव पडले आणि साहेबांचा करार वाढणार नाही असं कळलं. आता नागपूरला परत, तेही पन्नाशी उलटल्यावर. माणूस सैरभैर झाला. एक दिवस दारात उभा राहून म्हणाला, "व्हिसा संपायच्या आत मी सिनेमा काढतो." त्या पोरांसारखाच, रस्त्यावर! गोष्ट एवढीच: एका कामगाराचा ड्यूटीचा शेवटचा दिवस. कामगार झाले रत्नागिरीचे कासमभाई, कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवणारे. कॅमेरा माझ्या गळ्यात. आणि 'ॲक्शन'च्या जागी साहेब ओरडायचे 'यल्ला!', म्हणजे अरबीत 'चला!'

घोळ असा, की सगळ्यांना सुट्टी फक्त शुक्रवारी. आणि शुक्रवारी कासमभाई न्हाऊन, दाढी कोरून, इस्त्रीच्या कपड्यांत नमाजला जाणार आणि तिथून थेट शूटिंगला. अत्तर कॅमेऱ्यात दिसत नाही एवढंच नशीब! "कासमभाई, ड्यूटीवर चालले का लग्नाले?" साहेब ओरडायचे. "खलास! पुढच्या शुक्रवारी पुन्हा." चांगला जमलेला सीनही पुन्हा. कधी म्हणे मी हलले, कधी म्हणे ढग आला. सोहारमध्ये ढग! मी वैतागून सोडणारच होते.

शेवटचा शुक्रवार आला तेव्हा एकच सीन राहिला होता: कामगार काम संपवून किनाऱ्याने निघून जातो. संध्याकाळी कासमभाई आले ते कारखान्याच्या, तेलाचे डाग पडलेल्या डांगरीत. नमाजचे स्वच्छ कपडे उतरवून, धुवायला टाकलेली डांगरी त्यांनी साहेबांसाठी पुन्हा अंगावर चढवली होती. आता खोट काढायला जागाच नव्हती. साहेब त्यांच्याकडे बघतच राहिले आणि वाळूत मटकन बसले.

"मले हा सिनेमा संपवायचाच नव्हता, ताई," ते म्हणाले. "संपला का जा लागते."

माझे डोळे भरून आले. कासमभाई हळूच म्हणाले, "साहेब, जायाचा तर हायच. उजेड चाललाय. बोला, यल्ला!"

साहेब मान खाली घालून वाळू चिवडत राहिले. शेवटी कासमभाई स्वतःच वळले आणि किनाऱ्याने चालू लागले. मी कॅमेरा सुरू केला.