पहिल्या रांगेतून दिसलेली शर्यत

हर्नडनहून निघालो तेव्हा मागच्या सीटवर तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा होता, बसायला दोन उशा होत्या आणि गाडी माझा मुलगा अनिकेत चालवत होता. आदल्या दिवशी तो टेक्ससमधल्या फ्रिस्कोहून विमानाने खास यासाठीच आला होता. मी नोकरीतून निवृत्त झालो आहे आणि पुढच्या महिन्यात कायमचा पुण्याला परत जातो आहे. त्याची आई आधीच तिकडे जाऊन घर लावते आहे. जाण्यापूर्वी बापलेकांनी एक स्टॉक कार शर्यत प्रत्यक्ष बघायची, असं ठरलं होतं.

स्टॉक कार म्हणजे वरून तुमच्या-आमच्या गाडीसारखी दिसणारी, पण आतून निव्वळ लोखंडी सांगाडा आणि इंजिन असलेली गाडी. अशा तीस-चाळीस गाड्या एकमेकींना खेटून वाटोळ्या पळतात. अनिकेत शाळेत होता तेव्हापासून दर रविवारी टीव्हीसमोर आमचं एकच भांडण चालायचं: सगळ्यांत थोर ड्रायव्हर कोण? माझा मागच्या पिढीतला. मी या देशात आलो तेव्हा तो उतरणीला लागला होता, तरी त्याला बघताना जीव टांगणीला लागायचा. त्याला आम्ही ‘म्हातारा’ म्हणतो. अनिकेतचा आजचा, तो ‘पोरगा’. खरी नावं देत नाही. पुण्यात ती कुणाला ठाऊक नाहीत आणि इथे घेतली तर मारामारी होईल. एरवी आमचं बोलणं ‘जेवलास का’ आणि ‘गाडीचं ऑइल बदललंस का’ एवढंच. मोकळे व्हायचो ते या भांडणातच.

रस्ता दक्षिणेकडे वळला तशी ऑफिसांची काचेची खोकी मागे पडली. लाल माती, पांढरी चर्चं, लांबवर निळसर डोंगर. मी सुरुवात करून दिली. “म्हाताऱ्याच्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नव्हतं. शर्यत संपल्यावर हातांना फोड यायचे त्याच्या.”

“हो बाबा, खरंय.”

“आणि तुझा पोरगा? आधी कॉम्प्युटरवर तोच ट्रॅक चालवून बघतो. वर कानात रेडिओवरून वाट सांगायला माणूस.”

“ट्रू. यू आर राइट.”

मी वाट बघितली. म्हाताऱ्याच्या काळी खऱ्या तोडीचे ड्रायव्हर चार-पाचच होते, आता सगळ्या गाड्या एकसारख्या आणि सगळेच तुल्यबळ, म्हणून आजचा एक विजय जुन्या तिनांच्या बरोबरीचा, हे त्याचं ठेवणीतलं उत्तर. ते आलंच नाही. आजाऱ्याची समजूत काढावी तसा तो बोलत होता. मला ते लागलं.

तिकिटं मी काढली होती. जन्मभर नाटकाच्या पहिल्या रांगेसाठी धडपडलेला माणूस मी. इथे पहिली रांग इतकी सहज मिळाली की या लोकांची कीवच आली. फाटकातून आत शिरताना मी ऐटीत होतो.

पहिल्याच फेरीत डोळे उघडले. समोर जाडजूड जाळीचं कुंपण आणि त्यामागून रंगीत पट्टे गेल्यासारखे काहीतरी. कोण पुढे, कोण मागे, काही कळेना. टायर झिजून उडणारे रबराचे तुकडे अंगावर येत होते. डबा उघडला, तर पुऱ्यांवर काळे तीळ पेरल्यासारखे दिसू लागले. अनिकेत मात्र मान डोलावत म्हणाला, “नाइस सीट्स, बाबा.” हे तर फारच झालं.

वरच्या रांगेतून एक सत्तरीच्या बाई हात हलवून बोलावत होत्या. आम्ही पायऱ्या चढून गेलो. “हनी, खाली फक्त नवखे बसतात,” त्या दक्षिणेकडच्या लांबट हेलात म्हणाल्या आणि उकडलेल्या शेंगांचा द्रोण पुढे केला. वरून सगळा ट्रॅक परातीसारखा दिसत होता. त्यांच्या विटक्या जाकिटावर जुन्या काळच्या एका ड्रायव्हरचा नंबर होता. एक फेरी पिवळ्या झेंड्याखाली (अपघातानंतर गाड्या सावकाश जातात ती) चालू असताना मी विचारलं, “हा तुमचा आवडता?”

“छे. माझ्या नवऱ्याचा. मला हा ड्रायव्हर मुळीच आवडायचा नाही. मी दुसऱ्याची चाहती. जन्मभर भांडलो आम्ही. नवरा गेला, मग मी माझ्या ड्रायव्हरला कितीही थोर म्हटलं तरी ‘नाही’ म्हणायला कुणी उरलं नाही. म्हणून आता याची बाजू मीच घेते.”

त्या हसल्या आणि ट्रॅककडे बघू लागल्या. अनिकेतने सोललेली शेंग तशीच हातात धरली होती.

पोरगा चौथा आला. गर्दीतून त्याने काढलेली वाट मी वरून नीट बघितली होती. परतताना म्हटलं, “जाऊ दे रे. तुझा पोरगाच मोठा. असल्या घोळक्यात म्हातारा टिकला नसता.”

अनिकेतने गाडी पेट्रोलपंपावर घेतली आणि एका कडेला थांबवली.

“बाबा, प्लीज डोन्ट डू दॅट.”

“काय केलं मी?”

“मान्य करू नका.”

“सकाळपासून तूच हो ला हो करतोयस.”

“तुम्ही जाताय ना,” तो समोर बघत म्हणाला. “मला वाटलं, आता कशाला फाइट करायची.”

पुण्यात मला सगळं मिळेल: नाटकं, मित्र, हवा तसा चहा. ‘नाही बाबा’ म्हणणारा तेवढा टेक्ससमध्ये असेल. फोन आहेत, पण फोनवर माणूस लवकर हो म्हणून टाकतो.

अनिकेत गाडी सुरू करत म्हणाला, “म्हातारा टिकला असता. बट ही वुडन्ट हॅव वन.”

“कोण म्हणतो?”

“मी म्हणतो.”

मग हर्नडन येईपर्यंत आम्ही कडकडून भांडलो. हातांच्या फोडांचा विषय निघाला, चार-पाच तोडीच्या ड्रायव्हरांचा निघाला, एका जुन्या शर्यतीवरून आवाजही चढले. घरासमोर त्याने इंजिन बंद केलं. उरलेल्या पुऱ्या मांडीवर होत्या, मुद्दा अर्धा राहिला होता आणि दोघांपैकी कुणीच दार उघडत नव्हतं.